उजनीच्या फुगवट्यावर गांडूळ लावावे की रबरी आमिष?

भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यात, विशेषतः भिगवण ते पळसदेव या पट्ट्यात, गळ टाकणाऱ्यांच्या बोलण्यात हल्ली हा प्रश्न वारंवार येतो. मी आधी बारा वर्षे गांडूळ आणि लहान जिवंत मासा यांवर मासेमारी केली. गेले सहा हंगाम मात्र मी प्रामुख्याने मऊ रबरी आमिष वापरतो आहे. माझा ओढा मरळ या शिकारी माशाकडे आहे, त्यामुळे पुढील मत त्या मर्यादेतच घ्यावे. ज्यांना रोहू किंवा मृगळ हवा आहे त्यांच्यासाठी ही तुलना निरर्थक ठरेल, कारण त्यांच्या बाबतीत मळलेले पीठ आणि शेंगदाण्याची पेंड यांच्याइतके खात्रीचे दुसरे काही मला तरी सापडलेले नाही.

जिवंत आमिषाची बाजू प्रथम मांडतो, कारण ती दुबळी नाही. श्रावणात वरून गढूळ पाणी येऊ लागले की माशाला हातभर अंतरावरचेही दिसत नाही. अशा वेळी शिंगाळा आपल्या मिशांनी तळ चाचपत फिरतो, वांब सोंडेसारखे नाक चिखलात खुपसून खाद्य शोधते, आणि दोघांनाही गांडुळाचा वास पुरेसा असतो. रबरी आमिष हे मुख्यतः हालचालीने माशाला भुलवते. ते तळाशी नुसते पडून राहिले तर माझ्या अनुभवात त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. रात्री काठावर निवांत बसून मासे धरायचे असतील, किंवा घरातल्या मुलाला पहिल्यांदाच गळ हातात द्यायचा असेल, तर गांडूळच लावावे असे मी आजही सांगेन.

माझा निर्णय मात्र एका त्रासाने झाला आणि तो त्रास म्हणजे चिलापी. उजनीत बोटभर लांबीच्या चिलापींचे थवे काठालगत इतके दाट असतात की मरळीसाठी टाकलेले गांडूळ मरळीपर्यंत पोहोचतच नाही. गळ पाण्यात पडतो, दोरीला तरंगता खुणेसाठी बांधलेला मोरपिसाचा देठ सरळ उभा राहतो, आणि मिनिटभरातच तो बारीक बारीक थरथरू लागतो. ही थरथर मरळीची नव्हे, हे काही दिवसांत कळू लागते. मरळ देठ एकदम खाली ओढते किंवा आडवा पळवते. चिलापी मात्र गांडुळाची दोन्ही टोके कुरतडते आणि गळात अडकलेला मधला भाग शेवटी खाते. ओढून पाहावे तर गळ धुतल्यासारखा स्वच्छ असतो. जानेवारीतल्या एका सकाळी कुंभारगावच्या बाजूला मी साठाच्या आसपास गांडुळे नेली होती आणि दहा वाजण्यापूर्वी ती सगळी संपली. त्या तीन तासांत माझी नजर पाण्यावर फार थोडा वेळ होती. उरलेला सगळा वेळ हात मातीत आणि गांडुळांत गेला. समोर वीस पावलांवर जलपर्णीच्या कडेला एक मोठी मरळ दोनदा वर येऊन श्वास घेऊन गेली आणि दोन्ही वेळा माझा गळ काठावर होता. त्यानंतर मी मोठा गळ, जाड गांडूळ, खोल पाणी असे उपाय करून पाहिले. चिलापीचा आकार बदलला, त्रास तोच राहिला.

यावर जिवंत लहान मासा लावण्याचा उपाय अनेक जण सुचवतात आणि त्याला मरळ खरोखरच येते. पण तो मासा दुसऱ्या तळ्यातून डब्यात घालून आणणे मला योग्य वाटत नाही. चिलापी स्वतःच परकी आहे. मूळची आफ्रिकेतली ही जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि पुढे एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जात सर्वत्र पसरली. डब्यात उरलेले मासे संध्याकाळी धरणात ओतून देणारा माणूस तेच काम पुढे चालवत असतो. जिवंत बेडकाबद्दल तर मी चर्चाही करू इच्छित नाही. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात आपल्या देशाने १९८७ मध्ये बंद केली, कारण शेतांतून बेडूक नाहीसे होऊ लागले होते. तोच बेडूक मरळीसाठी गळाला टोचणे मला पटत नाही.

मऊ आमिषाचा इतिहास गांडुळापासूनच सुरू होतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात निक क्रीम यांनी १९४९ मध्ये मऊ प्लास्टिकचे गांडूळ घडवले आणि तेथून हा प्रकार वाढला. आपल्याकडच्या मरळीसाठी मात्र मला गांडुळाच्या आकारापेक्षा पोकळ रबरी बेडूक आणि शेपटी हलवणारा रबरी मासा हे दोनच प्रकार उपयोगी पडले. पोकळ बेडकाच्या दोन्ही गळांची टोके त्याच्या पाठीला चिकटून असतात, त्यामुळे तो जलपर्णीवरून सरकत येतो आणि अडकत नाही. माशाने दाबल्यावर अंग चेपते आणि टोके बाहेर येतात. मरळीला हवेतला श्वास घेण्यासाठी ठरावीक वेळाने वर यावेच लागते. तेव्हा पाण्यावर उठणारे वर्तुळ दिसले की त्याच्या थोडे पलीकडे बेडूक टाकावा आणि थांबत थांबत ओढावा. पाणी फुटल्याबरोबर झटका दिला तर बेडूक रिकामा परत येतो. मनात दोनपर्यंत मोजून मग झटका द्यावा. चिलापी या बेडकाला धडका देते, रबरी माशाच्या शेपटीचे तुकडेही तोडते, पण आमिष गळावर टिकून राहते, आणि माझ्या दृष्टीने सगळा फरक तेवढ्यात आहे. सकाळचे तीन तास मी आता पाण्याकडे पाहण्यात घालवतो.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मासा गांडूळ गिळतो आणि गळ पुष्कळदा घशाच्या आत रुततो. लहान मरळ सोडून द्यायची म्हटली तरी ती जगेल याची खात्री राहत नाही. रबरी आमिषावर लागलेल्या बहुतेक मरळींना गळ ओठाला किंवा जबड्याला लागलेला मी पाहिला आहे. मात्र पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा थवा वर दिसत असेल तर तेथे बेडूक टाकू नये. खाली आईबाप राखणीला असतात आणि ते भुकेने नव्हे, तर रागाने झेपावतात.

रबरी आमिषाचे दोषही आहेत. एका बेडकाच्या किमतीत गांडुळांचे अनेक दिवस निघतात. हात सतत चालवावा लागतो आणि समोरून वारा असला की हलका बेडूक लांब जात नाही. वेगवेगळ्या रंगांची आमिषे एकाच डब्यात ठेवली तर रंग एकमेकांत उतरतात आणि काही डब्यांचे प्लास्टिकही चिकट होते, म्हणून ती मूळ पाकिटातच ठेवावीत. सर्वांत मोठा दोष हा की हे रबर पाण्यात कुजत नाही. तुटलेल्या शेपट्या मी खिशातल्या बाटलीत भरून घरी आणतो, पण बुडालेल्या बाभळींत दर हंगामात चार-पाच आमिषे राहतातच. मे महिन्यात पाणी मागे हटून ती खोडे उघडी पडली की भेगाळलेल्या चिखलातून चालत जाऊन मी ती शोधतो. गेल्या वर्षी पाचांपैकी तीन सापडली.