हँड पॅडल घ्यायचे का आधी मुठी वळायच्या?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकला की पोहण्याच्या बॅचेस फुल्ल, आणि दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, भो फ्रीस्टाईलला हात नीट पडत नाही, हँड पॅडल मागवू का? म्हणजे तळव्याला बांधायच्या त्या प्लास्टिकच्या चपट्या पाट्या. मी दोन्ही करून बसलोय, आधी पॅडल मग मुठी (हाताची मूठ आवळून पोहायचं), म्हणजे पूर्ण उलटा क्रम.

आपल्याकडचे बरेच जण विहिरीत शिकलेले. पाठीला पत्र्याचा डबा आणि काठावरून मामा ओरडतोय, "डोकं वर ठेव रे भो, नही ते नाकमा पानी जाई!" त्याने माणूस बुडत नाही हे खरं, पण डोकं वर काढून हाताने पाणी खाली दाबायची सवय लागते ती लागतेच. पाणी खाली दाबलं की छाती वर येते, पाय बुडतात, आणि दम सगळा तरंगण्यातच जातो. ढकलायचंय ते मागे. हात पुढे गेला की कोपर वरच ठेवायचं, बोटं तळाकडे वळवायची, मग तळव्यापासून कोपरापर्यंत अख्खा हात वल्हं होतो.

पॅडल घातलं की तळवा मोठा होतो, पाणी भरपूर धरलं जातं आणि पहिल्याच दिवशी आपण लई भारी पोहतोय असं वाटतं. गोची तिथेच आहे. कोपर पडलेलं असलं तरी पॅडल पुढे नेतंच, चूक झाकली जाते, आणि जास्तीचा लोड सगळा खांद्यावर. माझा उजवा खांदा तिसऱ्या आठवड्यात शर्ट घालताना कळ मारायला लागला.

मूठ वळली की उलटं होतं. पहिल्या दिवशी जागेवरच पोहतोय असं वाटलं, २५ मीटरला एरवी २४ हात लागायचे ते ३३ वर गेले. पण तळवाच नाही म्हटल्यावर पाणी धरायला मनगटापासून कोपरापर्यंतचाच भाग उरतो, कोपर आपोआप वर राहायला लागतं. एक लेन मुठीने, लगेच एक उघड्या हाताने. मूठ उघडल्यावर पाणी एकदम जड लागतं ना, तेच हवंय. खर्च शून्य.

पाण्यावरून हात वाकवून आणायचा का सरळ, यात फार अडकू नका. अमेरिकेची जलतरणपटू जेनेट इव्हान्स सरळ हात पवनचक्कीसारखे फिरवायची, आणि तिचा १९८९ चा ८०० मीटर फ्रीस्टाईलचा ८:१६.२२ हा विश्वविक्रम २००८ पर्यंत टिकला. खरं काम पाण्याखाली आहे.

तर महिना-दीड महिना मुठी, हातांचा आकडा कमी झाला की मग पॅडल. तेही तळव्यापेक्षा जरासंच मोठं, आणि मनगटाचा पट्टा काढून फक्त मधल्या बोटाची रबरी नळी ठेवायची. हात तिरपा पडला की पॅडल लगेच डुगडुगतं नाहीतर सुटूनच जातं, म्हणजे तेव्हा कुठे ते चूक दाखवायला लागतं. सुरुवातीला १००-२०० मीटर बस झाले, खांदा आधीच दुखत असेल तर तेवढंही नको. आणि उन्हाळ्याच्या गर्दीत घालूच नका, कडा कानाला जाम लागते, एका काकांच्या शिव्या खाऊन झाल्यात माझ्या.