पाट मोडता मोडता घेतलेला स्टेपर: सात महिन्यांनंतर

पहिले तीन दिवस मी पाटावरच व्यायाम केला. सासूबाईंचा शिसवी पाट, पितळी फुल्या ठोकलेला. मुलगी पुण्याला फिजिओथेरपी शिकते, ती फोनवर म्हणाली, "आई, तुला फक्त एक पायरी हवी. चढायचं, उतरायचं." म्हटलं, पायरीला पैसे कशाला, पाट आहे की घरात. चौथ्या दिवशी टाच कडेवर पडली, पाट तिरपा झाला आणि शिलाई मशीन हाताशी होतं म्हणून मी वाचले. मग टेप लावून बघितलं. पाटाची उंची अडीच इंच आणि खालच्या पट्ट्या कडेपासून दोन-दोन इंच आत. बसणाऱ्याचं वजन मधोमध पडतं म्हणून पाट हलत नाही; सगळं वजन एका कडेवर टाकलं की उलटणारच तो. आतून सासूबाईंचा आवाज आला, "जेवायला बसायची वस्तू गो ती, नाचायची नव्हे."

आठवड्याभरात मुलीने ऑनलाइन मागवलेला स्टेपर दारात आला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी नावं ठेवणार आहे. तशीही अशी स्टेपरं चार-पाच नावांनी मिळतात आणि सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. लांबी ६८ सेंटिमीटर, रुंदी २८, प्लास्टिकचा, वरून खडबडीत रबर. खाली दोन ठोकळे लावले की उंची १५ सेंटिमीटर, काढले की १०. किंमत चौदाशे पन्नास.

वस्तूबद्दल सांगण्याआधी माझ्याबद्दल सांगते, नाहीतर ही कोणासाठी चांगली ते कळायचं नाही. वय ४९, उंची पाच फूट एक इंच. चिपळुणात ब्लाउज शिवते. २०२१पर्यंत बाजारात छोटा गाळा होता. घर ते गाळा वीस मिनिटं चालत, दुपारी जेवायला घरी, म्हणजे रोज चार फेऱ्या. त्याला मी कधी व्यायाम म्हटलं नाही. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं, दोन्ही मशीनं चिखलात गेली. एक साफ करून चालू झालं, ते मी घरी वरच्या मजल्यावर आणलं, आणि गाळा सोडला तो सोडलाच. आता अंथरुणापासून मशीनपर्यंत सात पावलं. तीन वर्षांत ६३ किलोचे ७४ झाले.

वजनकाटा घरात नव्हता, तरी मला कळत होतं. ब्लाउजात शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो. बाई सुटली की टीप उसवायची आणि माया सोडायची. दर दिवाळीला मी स्वतःच्या ब्लाउजांची अर्धा-अर्धा इंच माया सोडत होते. गेल्या वर्षी आंबा रंगाच्या ब्लाउजाची टीप उसवली तर आत सोडायला कापडच उरलेलं नव्हतं. त्याच महिन्यात उपाशीपोटीची साखर ११४ आली. डॉक्टर म्हणाले, "ताई, काठावर आहात. अजून गोळी नाही देत, पण हातपाय हलवा."

हलवले नव्हते असं नाही. चालायला जायचे, पण आमच्याकडे जून लागला की छत्री वाऱ्याने उलटी होते आणि रस्त्याच्या कडेने पाण्याचे ओहोळ. चार महिने खंड पडला की पाचव्या महिन्यात कोण उठतंय. मोबाइलवरचे व्हिडिओ लावले, तर त्यातली मुलगी तीन, दोन, एक म्हणत उड्या मारायची आणि मी एकापर्यंत पोचायच्या आत ती पुढच्या प्रकारावर. जेवणाचं म्हणाल तर माझ्या गिऱ्हाइकांत दिवसातून दोनदाच जेवा म्हणणाऱ्या दीक्षितवाल्या आणि थोड्या थोड्या वेळाने थोडं खा म्हणणाऱ्या दिवेकरवाल्या असे दोन पक्ष आहेत. मापं देता देता दोघी मला आपापल्या पक्षात ओढतात. मी रात्रीचा भात निम्म्यावर आणला आणि दुपारच्या चहाबरोबरची बटर बंद केली. याहून जास्त काही केलेलं नाही.

आता मुद्द्याचं. स्टेपर चांगला की वाईट यापेक्षा तो कधी आणि कुठे वापरते यावर सगळं ठरलं. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी पावणेसहाला येतं आणि पाऊण तास असतं. तापाने फणफणले असले तरी मी त्या वेळी उठतेच, कारण पिंप भरलं नाही तर दिवस वाया. पाण्याला जोर नाही, त्यामुळे पिंप भरायला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. इतकी वर्षं मी तेवढा वेळ मोरीच्या दारात उभी राहून पिंपाकडे बघत होते! मुलगी म्हणाली, "आई, तिथेच ठेव तो." ठेवला. नळ सोडायचा, स्टेपरवर चढायचं, पिंप भरलं की उतरायचं. व्यायामासाठी लवकर उठायचं, अंगात उत्साह आणायचा, मुहूर्त काढायचा, काहीच करावं लागत नाही. पंचवीस मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे दीडशे मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान तेवढाच मध्यम व्यायाम करायला सांगते, हा हिशेब मुलीने नंतर सांगितला. मी काही तो बघून ठरवलं नव्हतं, ते आमच्या पिंपाचं माप आहे.

चढण्या-उतरण्याची पद्धत मात्र तिने व्हिडिओ कॉलवर तासभर घोटून घेतली. पूर्ण पाऊल वर, टाच बाहेर लोंबता कामा नये. चढताना अंग पुढे झोकायचं नाही. उतरताना मागे लांब उडी नको, स्टेपरच्या जवळच, आधी चवडा आणि मग टाच. वर गेल्यावर गुडघा ताठ लॉक करायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दर मिनिटाला पुढचा पाय बदलायचा. मशीनच्या पायट्यावर माझा उजवा पाय आयुष्यभर पुढे, त्यामुळे डावा पाय पुढे टाकताना पहिले आठ दिवस मी नवी शिकाऊ मुलगी झाले होते. लय धरायला मोबाइलवर मेट्रोनोम लावते, मिनिटाला ९६ ठोके. वर, वर, खाली, खाली, अशा चार ठोक्यांत एक फेरा. मिनिटाला २४ फेरे.

पहिला महिना १० सेंटिमीटरवरच काढला. दुसऱ्या महिन्यात ठोकळे लावले. पाच सेंटिमीटर म्हणजे दोन इंच, त्यात काय एवढं असं वाटलं होतं. तीन मिनिटांत धाप लागली.

मुलीला सहज विचारलं, हे खूळ काढलं कुणी? तर १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत जिन मिलर नावाच्या एक व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांचा गुडघा दुखावला, तो बळकट करायला त्यांना चढ-उतार करायला सांगितलं, आणि त्यांनी ती दुधाच्या बाटल्यांच्या क्रेटवर केली. त्यातून हा स्टेप एरोबिक्सचा प्रकार वाढला. हे मी सासूबाईंना मुद्दाम ऐकवलं. मिलरबाईंनी क्रेट घेतला, मी पाट घेतला. त्यांचा उलटला नाही एवढाच फरक.

आता तक्रारी.

खोक्यावर मोठ्या अक्षरात "एका तासात ८०० कॅलरी" छापलंय. मुलीने कागदावर हिशेब मांडला. माझं ७४ किलो वजन, १५ सेंटिमीटर उंची, मिनिटाला २४ फेरे. मिनिटाला सहा-साडेसहा कॅलरी होतात. तासाचे चारशेही धड होत नाहीत, आणि माझ्या पंचवीस मिनिटांचे दीडशेच्या आसपास. एक वडापाव तीनशेच्या घरात जातो. म्हणजे सकाळी घाम गाळून मी अर्धा वडापाव फेडते. हा आकडा कळला तेव्हा आधी राग आला, मग बरं वाटलं, कारण वजन हळूहळू का उतरतंय ते समजलं. ८०० वर विश्वास ठेवला असता तर दुसऱ्याच महिन्यात स्टेपर माळ्यावर गेला असता.

दुसरी तक्रार तळाच्या रबरी बुशांची. चार कोपऱ्यांना चार बुशं आहेत, ती नुसती दाबून बसवलेली. सातव्या आठवड्यात एक निसटून मोरीत गेलं. ग्राहक सेवेला दोनदा फोन केला. "नोंद घेतली आहे, मॅडम" म्हणाले, ती नोंद अजून त्यांच्याचकडे आहे. शेवटी सायकलवाल्याकडून ट्यूबचा तुकडा आणि पंक्चरचं सोल्युशन आणलं आणि चारही कोपऱ्यांना रबर डकवून टाकलं. कंपनीच्या बुशांपेक्षा ते घट्ट बसलंय.

तिसरी तक्रार वस्तूची नाही, आमच्या इमारतीची. खाली राहणाऱ्या काकूंनी पहिल्याच सकाळी झाडूच्या दांड्याने छताला ठोकून विचारलं, "पहाटे पहाटे काय कुटताय?" मी लगेच खाली चार पदरी गोधडी घातली. कृपा करून कोणी घालू नका! गोधडी फरशीवर सरकते आणि तिच्यावरचा स्टेपर तिच्याबरोबर सरकतो. कोपरावर आपटले, चार दिवस कात्री धरवेना, त्यात लग्नसराई. मग गॅरेजमधून गाडीत पायाखाली असते ती जुनी जाड रबरी मॅट शंभर रुपयांना आणली. आवाज गेला, सरकणं थांबलं. काकू आता मी रविवारी चढत नाही तेव्हा विचारतात, बरं आहे ना म्हणून.

नव्या रबराचा वास पंधरा दिवस टिकतो, तो सोसायचा. आणि रुंदी २८ सेंटिमीटर मला पुरते, माझं पाऊल लहान. आमच्या ह्यांना नऊ नंबरची चप्पल लागते, ते एकदा चढले तर कडेला फार जागा उरेना. पुरुषमाणसाने थोडा रुंद बघावा.

सात महिन्यांचा जमाखर्च असा. वजन ७४चं साडेअडुसष्ट. कंबर ३९ इंच होती, ती ३६ झाली. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं डॉक्टर सांगतात, म्हणजे माझ्या टेपवर साडेएकतीस, तेव्हा अजून बराच पल्ला आहे. चौथ्या महिन्यात काटा पाच आठवडे जागचा हलला नाही. त्याच पाच आठवड्यांत कंबर पाऊण इंच उतरली. दुसऱ्यांच्या कमरा मोजण्यात पंचवीस वर्षं गेल्यामुळे टेप ढिला धरून स्वतःला फसवणं मला जमत नाही, नाहीतर काट्याकडे बघून मी त्याच वेळी सोडून दिलं असतं. साखर परवा १०३ आली. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा. निम्म्या भाताचाही वाटा आहेच त्यात, सगळं श्रेय प्लास्टिकला देत नाही.

एक गमतीचा हिशेब: रोज ६०० फेरे, प्रत्येकी १५ सेंटिमीटर, म्हणजे ९० मीटर चढ. मजला तीन मीटरचा धरला तर तीस मजले. तीस मजल्यांची इमारत मी चिपळुणात तरी पाहिलेली नाही, पण रोज सकाळी मोरीच्या दारात चढते.

दोन महिन्यांपासून बुधवारी आणि शनिवारी पिंप भरल्यावर आणखी दहा मिनिटं घेते. भिंतीला हात लावून जोर, आणि हात न टेकता मशीनच्या स्टुलावरून उठणं-बसणं. नुसत्या चढ-उताराने ताकद पुरती येत नाही म्हणे. स्टुलावरून उठताना पूर्वी टेबल धरायचे, ते सुटलं.

गुडघा आधीच दुखत असेल, चक्कर येत असेल, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मागवू नका. सासूबाईंना हौस आली होती, त्यांना मी चढू दिलं नाही. घेणार असाल तर १० सेंटिमीटरचा टप्पा आहे ना ते आधी बघा. थेट १५पासून सुरू होणारे नवख्या माणसाला जड जातात. खोक्यावर किती किलोपर्यंत चालतो तेही वाचा, माझ्या खोक्यावर १०० लिहिलंय. हाताला धरायला जवळ काहीतरी पक्कं असू द्या, आणि कपाटावर किंवा पलंगाखाली ठेवायचा बेत असेल तर घेऊच नका.

पाचपैकी साडेतीन तारे. एक खोक्यावरच्या ८००साठी कापला, अर्धा मोरीत गेलेल्या बुशासाठी. बूश आलं तर अर्धा परत देईन.