वॉर्मर की आईची छाती?

निफाडचा पारा उतरला की नाशिकच्या नवजात अतिदक्षता कक्षांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी हा प्रश्न येतोच. बाळ व्हेंटिलेटरवर किंवा शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडलेलं) असेल तर वॉर्मर, म्हणजे वरून उष्णता देणारं यंत्र, हवाच, तिथे वाद नको. फक्त त्याच्या उष्णतेने बाळाच्या नाजूक त्वचेतून पाणी जास्त उडतं.

वजन वाढवायचं तर माझा कल कांगारू पद्धतीकडे, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याकडे. त्वचेला त्वचा लागली की ऊब टिकते, दूध अंगी लागतं. आईला पान्हाही चांगला फुटतो, जंतुसंसर्ग कमी होतो. जागतिक आरोग्य संघटना रोज ८ ते २४ तास सुचवते. सुरुवातीला वजन घटतंच. नंतर रोज किलोमागे साधारण १५ ते २० ग्रॅम वाढावं. आणि हो, बाबांची छातीही चालते, आजीने नाक मुरडलं तरी.