नोंदींवरून चार्ट: काही महिने वापरल्यावर

माझी सगळी कामं एका नोट्स आणि डेटाबेस एकत्र असलेल्या अॅपमध्ये असतात. कामाचं नाव, स्थिती, प्रकार, लागलेले तास, तारखा, सगळं तिथेच. त्याच नोंदींवरून थेट चार्ट काढायची सोय मिळाल्यावर स्प्रेडशीटमध्ये कॉपी-पेस्ट करणं जवळजवळ थांबलं.

चार्ट काढणं सोपं आहे. टेबल, बोर्ड, कॅलेंडर हे जसे एकाच डेटाबेसचे व्ह्यू, म्हणजे त्याच नोंदी पाहायच्या वेगवेगळ्या पद्धती, तसाच चार्टही. आडव्या अक्षावर कोणता रकाना घ्यायचा आणि उभ्यावर नोंदींची संख्या, बेरीज की सरासरी, एवढं ठरवलं की झालं. नोंद बदलली की बारही बदलतो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बारवर क्लिक केलं की त्यामागच्या नोंदी उघडतात. एवढे तास गेले कुठे, हे तिथल्या तिथे कळतं.

खरी मेख पुढे आहे. चार्टला फक्त आत्ताची स्थिती दिसते. 'चालू'चं 'पूर्ण' केलं की चार्टच्या दृष्टीने ते काम कधी चालू नव्हतंच! त्यामुळे बाकी कामांचा ढीग गेल्या तीन महिन्यांत वाढला की घटला, हे कितीही फिल्टर लावले तरी निघत नाही. त्यासाठी काम संपल्याची तारीख वेगळ्या रकान्यात हवी, आणि ती स्थिती बदलताच आपोआप भरली गेली तर उत्तम. 'शेवटचा बदल' या तयार रकान्यावर विसंबू नका. जुन्या नोंदीतलं शुद्धलेखन सुधारलं तरी ते काम या आठवड्यात येऊन बसतं. ढिगाचा आलेख हवा म्हणून मी आठवड्यातून एकदा बाकी कामांचा आकडा एका वेगळ्या डेटाबेसमध्ये हाताने टाकतो. उपाय अडाणी आहे, पण रेषा खरी येते.

टॅगचंही तसंच. एका कामाला दोन टॅग असतील तर ते दोन्ही बारमध्ये मोजलं जातं आणि सगळ्या बारांची बेरीज एकूण कामांपेक्षा जास्त भरते. बारमध्ये हे चालून जातं, डोनटमध्ये, म्हणजे मध्ये पोकळ असलेल्या गोल चार्टमध्ये, मात्र टक्केवारीच खोटी ठरते. तसाही डोनट मी सोडलाय. गोलातल्या कोनापेक्षा बारचं टोक अक्षावर कुठे येतं याचा अंदाज माणसाला जास्त अचूक येतो, हे क्लीव्हलंड आणि मॅक्गिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्येच प्रयोगांतून दाखवलं होतं. तरी दिसायला छान म्हणून लोक गोलच निवडतात, त्याला काय करणार!

रेषेच्या आलेखात एक गोष्ट आवर्जून तपासा. एकही नोंद नसलेला आठवडा अक्षावरून गायब होत असेल, तर रेषा त्याच्या अलीकडचा-पलीकडचा बिंदू सरळ जोडते आणि सुट्टीचा काळही कामाचा वाटतो. रिकामे गट दाखवायची सेटिंग असेल तर चालू ठेवा. सरासरीही जपून वापरा. महिनोन्‌महिने रेंगाळलेलं एक काम बाकी सगळ्यांचा आकडा फुगवतं. जमत असेल तिथे मी मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घेतो.

दोन वेगळ्या डेटाबेसमधल्या नोंदी एकाच चार्टवर आणणं इथे मला जमलेलं नाही. तेवढ्यापुरती स्प्रेडशीट अजून उघडावी लागते.