डबल मेजर, मेजर-मायनर की दोन पदव्या? नागपुरात बारावीनंतर ठरवताना

गणित आवडतं आणि अर्थशास्त्रही सोडवत नाही, मग दोन्ही मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून घेऊ का? नियमाने घेता येतात. झेपतील का, हे क्रेडिट, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेलं अभ्यासाचं वजन, मोजल्यावरच कळतं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांची पदवी किमान १२० क्रेडिटची. त्यात मेजरला ६० आणि मायनरला, म्हणजे दुय्यम विषयाला, २४; बाकी भाषा, कौशल्य, इंटर्नशिप वगैरे सगळ्यांना सक्तीचं. डबल मेजरसाठी दुसऱ्या विषयाचे किमान ४८ हवेत. ६० आणि ४८ मिळून झाले १०८. उरले फक्त १२, आणि सक्तीचे विषयच तिसाच्या वर जातात. म्हणजे वीसेक क्रेडिट जास्तीचे. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास धरले, तरी तीनशेच्या आसपास तास वर्गातच वाढले. प्रॅक्टिकलच्या क्रेडिटला तर ३० तास लागतात.

घरचे म्हणतात, आमच्या वेळी बी.एस्सी.ला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स तिन्ही होतेच की! होते, पण तिन्ही सारख्या वजनाचे होते. त्यात एकही आजच्या मेजरइतका खोल जात नव्हता.

म्हणूनच केमिस्ट्री आणि झूलॉजी अशी दोन प्रयोगशाळांची जोडी मी कुणाला सुचवणार नाही. दुपारी एकीकडे टायट्रेशन सुरू असताना दुसरीकडे झूलॉजीच्या प्रॅक्टिकलची बॅच लागली, की एक बुडणारच. त्यात हिंगणा किंवा कामठीहून रोज ये-जा असेल, तर अभ्यासाला उरते ती रात्र. इतिहास-राज्यशास्त्र किंवा मराठी-इतिहास यांचं तसं नाही. तिथे वाचन एकमेकांना पूरक ठरतं, प्रॅक्टिकलचा जाच नसतो. डबल मेजर शोभतो तो अशा जोडीला, आणि तोही पुढे एम.ए. कोणत्या विषयात करायचं ते खरोखर ठरलेलं नसेल तर.

गणित-अर्थशास्त्राला माझं मत मेजर-मायनरकडे. गणित मेजर ठेवा, अर्थशास्त्राचे २४ क्रेडिट मन लावून करा. अर्थशास्त्रात एम.ए. करायचं झालं तर गणिताचा पाया कामीच येतो.

एमपीएससीसाठी म्हणून दुसरा मेजर घेऊ नका. राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. प्राध्यापकीसाठीच्या नेट-सेट परीक्षांनाही साधारणपणे पदव्युत्तर विषय बघतात.

तिसरी वाट दोन स्वतंत्र पदव्यांची. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने ती मोकळी केली. दोन्ही नियमित असतील तर वर्गांच्या वेळा आदळता कामा नयेत. नाहीतर एक नियमित आणि दुसरी इग्नू किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून. वेळ आपल्या हातात राहतो, हा मोठा फायदा. पण फी दोनदा, असाइनमेंट दोनदा. शिवाय इग्नूची सत्र परीक्षा जून आणि डिसेंबरात असते. नागपूर विद्यापीठाची हिवाळी परीक्षा लांबली, तर दोन्ही एकाच महिन्यात अंगावर येतात. नोकरी करणाऱ्याने किंवा अगदी वेगळ्या शाखेचं वेड असणाऱ्यानेच इकडे वळावं.

प्रवेश अर्ज भरण्याआधी कॉलेजात जाऊन दोन गोष्टी विचारा: तुमच्या जोडीचा डबल मेजर इथे खरंच चालतो का, आणि दोन्ही विषयांचं तिसऱ्या वर्षाचं टाइमटेबल बघायला मिळेल का. पहिल्या वर्षाचं पाहून भुलू नका. खरी गर्दी पाचव्या-सहाव्या सेमिस्टरला होते.