पग की लॅब? खोल्या मोजू नका, नाक बघा

‘आमचं वन बीएचके, म्हणून कुत्रा पाळायचा तर पगच बरा,’ असं मुंबईत हमखास ऐकू येतं. हिशेब सरळ वाटतो: पग ६ ते ८ किलोचा, लॅब म्हणजे लॅब्रॅडॉर २५ ते ३६ किलोचा. पण इथल्या कुत्र्याला जागेची टंचाई सोसते, उकाडा सोसत नाही.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून तो धापा टाकतो, तोंडातला ओलावा उडतो आणि अंग निवतं. मे महिन्यात इथली हवाच इतकी दमट असते की तो ओलावा उडता उडत नाही. लॅबलाही याचा त्रास होतो, पण त्याचं नाक लांब, श्वासाची वाट मोकळी. पगचं तोंड चपटं, नाकपुड्या चिंचोळ्या आणि टाळूचा मऊ भाग घशात उतरलेला. त्याचं घोरणं आपल्याला गोड वाटतं, पण बऱ्याचदा तो श्वासासाठी धडपडत असतो. मुलुंडच्या मावशीने एप्रिलमध्ये दुपारी चारला तिच्या पगला खाली नेलं, तर गेटपाशी पोचेपर्यंत त्याची जीभ जांभळी पडली. ओल्या टॉवेलने पुसत, वारा घालत डॉक्टरांकडे नेला, म्हणून वाचला. तेव्हापासून उन्हाळाभर दुपारी तिच्याकडे एसी चालू असतो. पग घेणार असाल तर विजेचं बिल त्याच्या खर्चात धरा. हच या मोबाईल कंपनीच्या २००३ च्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारा पग बघून कितीतरी घरांत पग आले. मुंबईच्या उन्हात त्याला असं मागे पळवणं धोक्याचं आहे.

शिवाय पगच्या पुढे आलेल्या डोळ्यांना पटकन इजा होते आणि पावसाळ्यात चेहऱ्याच्या घड्यांत ओल राहते, त्या रोज पुसाव्या लागतात. केस मात्र दोघांचेही भरपूर गळतात.

लॅबचं दुखणं वेगळं. पिल्लूपण सरल्यावर दोन-तीन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ मिळून दीड तास तरी त्याला फिरवायला हवं, नाहीतर तो चपला आणि सोफा फाडतो. दुसरं, भूक. लॅबमध्ये भूक वाढवणारा एक जनुकीय बदल केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये सापडला; साधारण चारांतल्या एका लॅबमध्ये तो असतो. आजीने प्रेमाने टाकलेला पोळीचा तुकडा पुढे त्याच्या खुब्याच्या सांध्यांवर बसतो. त्यात घरात गुळगुळीत लाद्या असतील तर सतरंज्या अंथराच.

आमची लॅब परळला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वाढली. एवढ्याशा घरात तिचं काही अडलं नाही. जिना मात्र अडला. शेवटच्या वर्षी मी आणि दादा तिला चादरीच्या झोळीत घालून दिवसातून तीनदा खाली न्यायचो. हे करायला घरात दोन धडधाकट माणसं असतील का, याचा विचार पिल्लू आणायच्या आधी करा.

पावसात लॅब डबक्याला वळसा घालत नाही, सरळ आत शिरतो. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. लस दरवर्षी दोघांनाही द्यायची, पण लॅबची अजिबात चुकवायची नाही.

सोसायटीच्या भीतीने लहान कुत्रा निवडू नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. तरी लिफ्टमध्ये कुणी घाबरलं, तर आपण पुढच्या फेरीला जावं.

माझा कौल स्पष्ट आहे. पहाटे उठणारं माणूस घरात असेल आणि लिफ्ट किंवा दोन दणकट खांदे असतील, तर वन बीएचकेतही लॅबच आणा. पग आणायचा तर दुपारी कुणीतरी घरी हवं आणि एसी हवा, म्हणजे निवांत आजी-आजोबांचं घर. पगचं पिल्लू बघायला जाल तेव्हा त्याची आई दाखवायला सांगा. सकाळच्या गारव्यात तिला चार पावलं चालवा आणि जवळ कान नेऊन ऐका. श्वास घरघरत असेल तर रिकाम्या हाताने परत या.