जुना डेस्कटॉप, लिनक्स मिंट आणि फायरफॉक्स : नवशिक्या पोरांना कॉम्प्युटर शिकवताना आलेला अनुभव

वाई तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात तीन जुने डेस्कटॉप आहेत, तिन्हींवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकलीय आणि पाचवी ते नववीची पोरं संध्याकाळी त्यावर बसतात, मी शिकवते. गेल्या जूनपासून हे चालू आहे. सरळ सांगते, ज्यांनी आधी कधी माउस हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी हा सेटअप मला मनापासून आवडलाय. काही ठिकाणी कमी पडतो, ते पण लिहिते.

आधी मशीनचं सांगते कारण सगळे तेच विचारतात. ऑफिसातून निघालेले, इंटेलच्या चौथ्या पिढीचे आय-थ्री, ४ जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी (तिच्याहून बरीच वेगवान डिस्क) बसवली. विंडोज १० चा नेहमीचा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे असे धडधाकट पीसी लोक काढून टाकतायत. मिंट २ जीबी रॅमवर पण चालतं पण ४ असेल तर बरं, कारण ब्राउजरच सगळी रॅम खातो. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत म्हणजे तोपर्यंत बघायला नको. पैसे मोजके असतील तर आधी एसएसडी घ्या, बाकी सगळं नंतर.

आता मुद्द्याचं. मोबाइल येतो म्हणजे कॉम्प्युटर येईलच असं घरचे धरून चालतात, पण तसं अजिबात नाहीये. आमची पोरं मोबाइलवर व्हिडिओ एडिट करतात, रील टाकतात, आणि तीच पोरं डेस्कटॉपसमोर बसली की स्क्रीनवर बोट लावून बघतात. हात टेबलावर आणि बाण वर स्क्रीनवर, हे जुळायला वेळ लागतो आणि तो दिला पाहिजे. त्यासाठी मी जीकॉम्प्री हा लहान मुलांच्या शिकायच्या खेळांचा संच वापरते, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून फुकट मिळतं, २००० साली ब्रुनो कूद्वाँ नावाच्या फ्रेंच माणसाने सुरू केलेलं, आता केडीई या फुकट सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटाकडे आहे. त्यात नुसता माउस फिरवून चित्रावरचे ठोकळे पुसायचे, मग एका क्लिकने पुसायचे, मग डबल क्लिकने, अशी चढती पायरी आहे. मोठ्या पोरांना हे बाळबोध वाटतं, त्यांना पत्त्यांचा सॉलिटेअर द्या. विंडोजमध्ये १९९० साली तो आला तेव्हा कित्येकांचा हात ड्रॅग-ड्रॉपला त्याच्यावरच बसला, आजही तो तितकाच कामाचा आहे. आणि एक, माउसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेळ वाढवून ठेवा! लहान हातांना दोन क्लिक पटापट जमत नाहीत, पोरगं म्हणतं ताई उघडतच नाही, आणि त्याची काहीच चूक नसते.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला विचाराल तर सेव्ह आणि फोल्डर. मोबाइलवर सेव्ह हा प्रकारच उरला नाही ना, ॲप आपलं आपण सगळं ठेवतं, फोटो गॅलरीत सापडतो, फाइल नक्की कुठे आहे हा प्रश्न पोरांना कधी पडलेलाच नसतो. इथे मात्र आधी नाव द्यायचं, मग जागा ठरवायची, मग परत तिथे जाऊन ती उघडायची. मी पाठ करून घेत नाही, काम देते. टक्स पेंटमध्ये... नाही, टक्स पेंट यासाठी नको, ते चित्र स्वतःच्याच फोल्डरमध्ये आपोआप ठेवतं आणि नाव विचारत नाही, लहानांना रंगवायला ते मस्त पण फाइल शिकवायला साधा टेक्स्ट एडिटर बरा. त्यात आपल्या घरातल्या माणसांची नावं लिहायची, डॉक्युमेंट्समध्ये स्वतःच्या नावाचा फोल्डर करायचा, त्यात फाइल ठेवायची, बंद करायची, पीसी बंद करायचा, दुसऱ्या दिवशी येऊन शोधायची. दुसऱ्या दिवशी ती जिथे ठेवली तिथेच सापडते तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात, खरंच. त्यानंतर कॉपी, कट, एफ-टू दाबून नाव बदलणं, कचरापेटीतून परत आणणं हे सगळं भराभर येतं. आमच्याकडे लाइट कधीही जाते त्यामुळे कंट्रोल-एस दाबून सेव्ह करायची सवय आपोआप लागली, पण यूपीएस नक्की घ्या, रोज धाडकन बंद होणं मशीनला चांगलं नाही.

ब्राउजर. फायरफॉक्स मिंटमध्ये आधीपासून असतो आणि त्याचे मेनू मराठीत करता येतात, मी एका मशीनवर मराठी ठेवलेत आणि दोनवर इंग्रजी, कारण उद्या सायबर कॅफेत नाहीतर कॉलेजात गेल्यावर इंग्रजीच मेनू समोर येणार. पोरांना वाटतं इंटरनेट म्हणजे सर्चचा चौकोन, त्यात शब्द टाकायचा आणि पहिलं जे येईल ते दाबायचं. म्हणून मी सुरुवातीला सर्च बंदच ठेवते, आधी साइटचा पत्ता. पत्त्याच्या पट्टीत जायला कंट्रोल-एल दाबायचं, पत्ता स्वतः टाइप करायचा, एंटर. मराठी विकिपीडिया आणि मराठी विश्वकोश या दोन साइटवरच सुरुवात. विश्वकोशाचं मंडळ आमच्या वाईतच, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तिथे बसून ते काम उभं केलं, त्यामुळे पोरांना त्याचं वेगळंच अप्रूप. एक नोंद उघडायची, त्यातली लिंक नव्या टॅबमध्ये उघडायची, मागे जायचं, कंट्रोल-एफ ने पानावर शब्द शोधायचा, चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टी ने परत आणायचा. हे शेवटचं कळलं की पोरं टॅब बंद व्हायला घाबरत नाहीत आणि मग मोकळेपणाने फिरतात, त्याचा फार फायदा होतो.

सर्च नंतर, आणि त्याच्याबरोबर पत्ता वाचायला शिकवणं आलंच पाहिजे, हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानते. शिष्यवृत्तीचा फॉर्म, सातबारा, निकाल, या प्रत्येकाच्या सर्चमध्ये वरती जाहिराती असू शकतात आणि सरकारी दिसणाऱ्या भलत्याच साइट पण. पोरांना मी सांगते, सुरुवातीचं https:// सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग उजवीकडून डावीकडे वाचा, सरकारी साइट असेल तर शेवट बहुतेक वेळा गव्ह डॉट इन (gov.in) किंवा निक डॉट इन (nic.in) असतो. मधे कुठेतरी गव्ह आलं आणि शेवटी डॉट कॉम असलं तर लांब राहा. कुलूप दिसलं म्हणजे साइट भरवशाची असं नाही, त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मधे कुणी वाचत नाही, पण समोर बसलेलाच चोर असेल तर कुलपाचा काय उपयोग. आठवीतल्या एका मुलीने हे ऐकून घरी वडिलांना साध्या सातबाऱ्यासाठी भलत्याच साइटवर पैसे भरू दिले नाहीत, नुसता बघायचा सातबारा महाभूमीच्या साइटवर फुकट दिसतो हे तिला माहीत होतं. मला तिचा फार अभिमान वाटला.

गावातली मोठी माणसं पण फॉर्म भरायला येतात, त्यांच्यासाठी गेस्ट सेशन म्हणजे तात्पुरतं खातं चालू केलंय, लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये मिळतं. बाहेर पडलं की त्यांचे पासवर्ड, डाउनलोड सगळं पुसलं जातं. ज्यांना पावती ठेवायचीय त्यांनी आधी पेनड्राइव्हवर घ्यायची, हे दरवेळी आठवण करून द्यावं लागतं. पोरांच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार दिलेले नाहीत, वर सिस्टिमच्या आधीच्या स्थितीची प्रत ठेवणारं टाइमशिफ्ट लावून ठेवलंय, सिस्टिममध्ये काही बिघडलं तर मागच्या दिवसावर परत.

मराठी टायपिंग. इनस्क्रिप्ट शिकवा, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरलेली कीबोर्डची मांडणी, मी ठामपणे सांगते. डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं, क च्याच बटनावर शिफ्ट दाबला की ख, ग वर घ, बाराखडी येणाऱ्या पोराला त्याची रचना लगेच कळते. रोमनमधून मराठी लिहायला शिकलेल्या मोठ्यांना ते जड जातं पण पाचवीतल्या पोरांना नाही, त्यांचं इंग्रजी स्पेलिंग कच्चं असलं तरी मराठी अडत नाही. बटनांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावले.

आता कमी कुठे पडतं. शाळेत किंवा कोर्सला एमएस ऑफिस असेल तर मिंटमधल्या लिबरऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखंच पण फुकट) मेनूच्या जागा वेगळ्या, फाइल उघडते पण मांडणी कधीकधी हलते, देवनागरी फॉंट वेगळा असेल तर जास्तच. वाचनालयाच्या जुन्या याद्या डीटीपीच्या (छपाईसाठी मजकूर मांडायच्या) जुन्या फॉंटात आहेत, त्या इथे नुसत्या इंग्रजी चिन्हांच्या दिसतात, अजून त्यावर काम चालूय. एक प्रिंटर चाललाच नाही, त्याच्या कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर दिलेला नाही, म्हणून प्रिंटर घ्यायच्या आधी तेवढं तपासा. आणि मिंटचं स्वतःचं मराठी भाषांतर अर्धवट आहे, मेनूत मधेच इंग्रजी येतं.

पाचपैकी साडेचार देईन. ज्यांना काही महिन्यांत सर्टिफिकेट हवंय त्यांनी सरळ एमएस-सीआयटी लावावं. शाळेतली पोरं असतील, वेळ असेल आणि रोज तासभर बसणारं कुणी मोठं माणूस असेल तर हेच करा. एका पीसीवर दोनच पोरं बसवा, तिसरं नुसतं बघत राहतं, आणि माउस दर दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या हातात गेलाच पाहिजे.